बियांचा हिशेब

"बीजप्रसाराचे प्रकार सोदाहरण लिहा." हा प्रश्न माझ्या पिढीने शाळेत सोडवला आणि आजचे विद्यार्थीही सोडवत आहेत. उत्तरही ठरलेले आहे. वाऱ्याने : रुई. पाण्याने : नारळ. प्राण्यांमुळे : गोखरू. फळ तडकून : तेरडा. चार प्रकार, चार उदाहरणे आणि पैकीच्या पैकी गुण. या उत्तरात चूक काहीच नाही. पण तेच उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा, की रुईची 'म्हातारी' झाडापासून किती दूर जाते? मुळात दूर जायचेच कशाला? आणि गेलेल्या शंभरांपैकी रुजतात किती? बहुतेक वेळा तो गप्प बसतो. त्याने बी पाठ केलेले असते, पाहिलेले नसते आणि मोजलेले तर मुळीच नसते.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या अंगणात हा कशाला आला, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे एवढेच, की बी हा जितका वनस्पतिशास्त्राचा विषय आहे, तितकाच मोजमापाचा आणि हिशेबाचा विषय आहे. तो केवळ पाठांतराचा राहिला, याची किंमत आपण शाळेतच नव्हे, तर डोंगरावर आणि शेतातही मोजत आहोत.

पंखाचा फायदा किती?

वाऱ्यापासून सुरुवात करू या. समजा, १० मीटर उंचीवरून एक साधे, जड बी सुटले. हवेचा विरोध क्षणभर बाजूला ठेवला, तर ते सुमारे १.४ सेकंदात जमिनीवर येते. वारा सेकंदाला ३ मीटर या वेगाने वाहत असला आणि त्याने बी पूर्णपणे आपल्याबरोबर नेले असे मानले, तरी ते चार-सव्वाचार मीटरच्या पलीकडे जाणार नाही. म्हणजे आईच्या सावलीतच पडणार.

आता त्याच बीला पातळ पंख द्या. ऐन, अर्जुन, वावळ, शेवगा, टेटू, उक्षी ही आपल्याकडची पंखवाली मंडळी. हवेच्या विरोधामुळे असे बी थोडे खाली येताच स्थिर वेग धरते. हा वेग सेकंदाला १ मीटर मानला, तर खाली यायला १० सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात तोच वारा त्याला ३० मीटर दूर नेईल. अंतर झाले सात-आठ पट. पण क्षेत्रफळ पाहा : ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मीटर, तर ३० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे सुमारे २,८०० चौरस मीटर. एका कागदासारख्या पंखाने झाडाच्या संततीला पन्नासपटींहून अधिक जमीन मिळवून दिली!

या साध्या गणितामागे बरेच बारकावे आहेत. मेपलचे गरगरत उतरणारे बी आपल्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा धरून ठेवते आणि त्यामुळे त्याला अधिक उचल मिळते, असे २००९ साली दाखवण्यात आले. डँडेलियनच्या केसाळ छत्रीच्या वर तर हवेचे एक कडे तरंगत राहते, हे २०१८ साली एडिंबरा येथील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. इतके दिवस मुले ज्याला फुंकर घालत होती, त्याचे रहस्य उलगडायला २०१८ साल उजाडावे लागले! आपल्या रुईच्या म्हातारीला कोणत्या वेगाने खाली यायचे आहे, हे मात्र कोणत्याही शाळेच्या जिन्यात, एक मोजपट्टी आणि एक घड्याळ घेऊन मोजता येईल.

पण दूर जायचेच कशाला? एक कारण सावली आणि पाण्याची स्पर्धा, हे सर्वांना सुचते. दुसरे कारण जॅन्झेन आणि कॉनेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ साली, स्वतंत्रपणे मांडले. मोठ्या झाडाखाली त्याच जातीच्या बिया आणि रोपे दाटीने असतात. तिथेच त्या जातीवर जगणारे किडे आणि रोगजंतूही गोळा होतात. जो दूर गेला, तो त्यांच्या तावडीतून सुटला.

लाखातले एक

आता खरा हिशेब. समजा, एक झाड दर वर्षी २,००० बिया देते आणि असे ५० वर्षे देत राहते. एकूण बिया झाल्या एक लाख. त्या जंगलातील त्या जातीच्या झाडांची संख्या वाढतही नसेल आणि घटतही नसेल, तर एका झाडाच्या जागी सरासरी किती झाडे उभी राहिली पाहिजेत? एकच! म्हणजे लाखातील ९९,९९९ बिया कुजतात, किड्यामुंग्यांच्या पोटात जातात, उन्हाने करपतात, गुरांच्या तोंडी पडतात किंवा रोप होऊन मरतात. निसर्गाने वनस्पतीला जगण्याची हमी दिली आहे ती अशी : हरण्याची तयारी ठेवून पुन्हा पुन्हा डाव मांडण्याची.

हा डाव मांडायच्या रीतीही निरनिराळ्या आहेत. ऑर्किड धुळीच्या कणांसारख्या असंख्य बिया वाऱ्यावर सोडते. त्यांत अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच बी तगते. दुसऱ्या टोकाला सेशेल्स बेटांवरचा दर्याई नारळ. त्याचे बी जगातील सर्वांत वजनदार, १५ किलोग्रॅमहून अधिक भरू शकते. एकीकडे संख्या, दुसरीकडे शिदोरी. दोन्ही मिळणे कठीण, कारण झाडाजवळचे अन्न ठरावीक असते.

या हिशेबातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लाखातले ते एक बीदेखील रुजेनासे झाले, तर आपल्या लक्षात केव्हा येईल? लगेच येणार नाही. जुने झाड उभेच असते, फुलते, फळते. पन्नास-शंभर वर्षांनी ते पडते, तेव्हा कळते की त्याच्या मागे कोणीच नाही. सह्याद्रीत काळा धूप, रानजायफळ अशा झाडांची मोठी फळे गिळून त्यांच्या बिया दूर नेऊन टाकण्याचे काम धनेश पक्षी करतो. धनेश नाहीसा झाला, तर झाडे दुसऱ्या दिवशी वाळणार नाहीत. रान हिरवेच दिसेल. म्हणून रान किती हिरवे आहे एवढेच न पाहता, मोठ्या झाडांच्या आसपास त्यांची लहान रोपे किती आहेत, हे मोजले पाहिजे. हे काम शाळेतील मुले करू शकतात.

थांबणारे बी आणि न थांबणारे बी

बी केवळ जागा बदलते असे नाही, ते काळातूनही प्रवास करते. अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली एक प्रयोग मांडला. २१ प्रकारच्या प्रत्येकी ५० बिया ओलसर वाळूत मिसळून त्याने २० बाटल्यांत भरल्या आणि त्या जमिनीत पुरून ठेवल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली काढायची आणि बिया पेरून पाहायच्या. २००० साली काढलेल्या बाटलीत मॉथ मलीन नावाच्या तणाच्या ५० बियांपैकी २३ बिया १२० वर्षांनंतर उगवल्या! पुढची बाटली २०२१ साली काढली, तेव्हाही काही बिया जिवंत निघाल्या. आता पाळी २०४० ची आणि शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे. बील १९२४ साली वारला. प्रयोग चालूच आहे.

२०२१ ची बाटली पहाट होण्यापूर्वी, अंधारात काढली गेली. कारण बऱ्याच बियांना प्रकाश हाच उठण्याचा इशारा असतो. सॅलडच्या बियांवर १९५२ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतीत वाचनीय आहेत. सुमारे ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा प्रकाश दिला की बी उगवते. त्यानंतर ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा अतितांबडा प्रकाश दिला, की उगवायचे थांबते. एकाआड एक कितीही वेळा दिले, तरी शेवटी जो प्रकाश मिळाला त्याचेच बी ऐकते. यातील खुबी अशी, की हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि अतितांबडा बराचसा खाली जाऊ देतात. डोक्यावर दाट पाने आहेत की मोकळे आकाश, हे बीला मातीतूनच कळते. नांगरट झाल्यावर शेतात तणांची गर्दी का उसळते, याचेही एक कारण यात आहे.

याउलट काही बिया थांबूच शकत नाहीत. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया वाळवल्या की मरतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर २००८ साली सुरू झालेल्या बियाण्यांच्या कोठारात उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला १२ लाखांहून अधिक नमुने ठेवलेले आहेत. पण त्या कोठारात हापूसची कोय ठेवून उपयोग नाही. आणि आपल्या खाड्यांतील कांदळाने तर थांबणे हा प्रकारच सोडून दिला आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे मूळ घेऊनच खाली पडते. चिखल आणि भरती-ओहोटी यांच्यात बसून राहायला वेळच कुठे आहे?

आता या माहितीच्या उजेडात आपल्या पावसाळी मोहिमांकडे पाहा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोयी आणि जांभळाच्या बिया गोळा करा, गच्चीवर खडखडीत वाळवा, मातीच्या गोळ्यांत भरा आणि जूनमध्ये डोंगरावर फेका, असे आवाहन होते. मुले उत्साहाने करतात. त्यांच्या उत्साहाला माझा नमस्कार. पण ज्या बीला वाळवणे म्हणजे मरण, ते वाळवून फेकले तर उगवणार काय? बाभूळ, चिंच, बहावा यांच्या बिया वाळून टिकतात हे खरे. पण त्यांचे कवच इतके कठीण, की न घासता, न भिजवता फेकल्या तर त्यांतील कितीतरी तशाच पडून राहतात. शिवाय जागेचा प्रश्न आहेच. कोकणातील कातळसडे किंवा कासचे पठार उजाड नसते. तिथल्या पातळ मातीत गवते आणि चिमुकली फुलझाडे यांची स्वतःची सृष्टी असते. तिथे झाडांच्या बिया टाकणे म्हणजे भरल्या घरात दुसऱ्याचे सामान नेऊन ठेवणे होय.

माझा मोहिमांना विरोध नाही. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. किती गोळे फेकले याचा आकडा फलकावर येतो, किती उगवले याचा येत नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच डोंगरावर मोजायला गेलेली मोहीम मी तरी पाहिलेली नाही.

डोडोची गोष्ट

न मोजता गोष्ट सांगण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही सुटत नाही. मॉरिशस बेटावर डोडो नावाचा मोठा, न उडणारा पक्षी होता. सतराव्या शतकात तो नामशेष झाला. १९७७ साली स्टॅन्ली टेम्पल या अमेरिकन शास्त्रज्ञाने 'सायन्स' या नियतकालिकात लिहिले, की त्या बेटावर तांबालाकोक नावाच्या वृक्षाची फक्त १३ म्हातारी झाडे उरली आहेत. त्याच्या मते त्याचे कारण असे, की या झाडाचे कठीण बी डोडोच्या पेषणीत घासले जाऊन बाहेर पडले तरच रुजत असे. पुराव्यादाखल त्याने १७ बिया टर्की पक्ष्यांना खाऊ घातल्या. सात फुटल्या, दहा बाहेर आल्या आणि त्यांतील तीन रुजल्या.

गोष्ट इतकी सुंदर, की ती जगभर पुस्तकांतून छापली गेली. पण विद्यार्थी मित्रांनो, क्षणभर थांबा आणि विचार करा, या प्रयोगात काय राहिले? बरोबर! टर्कीला न खाऊ घातलेल्या बिया शेजारी पेरायला हव्या होत्या. त्यांतीलही दहापैकी तीन रुजल्या असत्या, तर टर्कीचा काय संबंध? तुलनेसाठीचा गट नसेल, तर 'तीन रुजल्या' या वाक्याला अर्थच उरत नाही. पुढे १९७९ साली मॉरिशसच्या वनखात्यातील अधिकाऱ्याने त्याच नियतकालिकात दाखवून दिले, की या झाडाचे बी न घासताही रुजल्याचे आधीच माहीत होते. झाडेही तेरा नसून शेकडो असल्याचे इतर अभ्यासकांनी म्हटले आहे. झाड संकटात आहे हे खरेच. पण त्याला बाहेरून आणलेली माकडे, डुकरे, उंदीर ही कारणे बरीच जवळची आहेत. डोडोला दोष देत बसलो असतो, तर माकडांकडे लक्षच गेले नसते.

शितावरून भात

"शितावरून भाताची परीक्षा" ही म्हण आपण नेहमी वापरतो. भाताला ती चालते, कारण पातेल्यातील सगळी शिते एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. बियांचे तसे नाही. एकाच शेंगेतील दोन बियांपैकी एक आज उगवेल आणि दुसरी पुढच्या वर्षी. किंबहुना तेच त्यांचे शहाणपण आहे, कारण सगळ्या एकदम उगवल्या आणि पावसाने ओढ दिली, तर सगळाच वंश बुडाला. म्हणून बियांची परीक्षा एका बीवर होत नाही, शंभरांवर होते.

आपला शेतकरी हे जाणतो. घरचे सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे, ही साधी चाचणी कृषी खातेही सुचवत असते. सत्तर वा अधिक उगवले, तर बियाणे पेरणीयोग्य. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारी मराठवाडा आणि विदर्भातून मोठ्या संख्येने आल्या. दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्याच्या घरी ती करावी लागली त्यालाच ठाऊक. गोणपाटातील ते शंभर दाणे म्हणजे विज्ञानच आहे, आणि ते प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणापेक्षा कमी योग्यतेचे नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांचा जो संग्रह उभा केला आणि ज्यासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, त्यामागेही हेच आहे : बी ओळखणे, जपणे आणि दर हंगामाला पेरून पाहणे.

आता शिक्षकांना एक विनंती. अभ्यासक्रम मोठा आहे, तास कमी आहेत, ही अडचण मला ठाऊक आहे. मीही त्याच गाड्याला जुंपलेला आहे. पण हा प्रयोग तास मागत नाही, वर्गाचा एक कोपरा मागतो. बाभळीच्या दीडशे बिया आणा. पन्नास तशाच ठेवा. पन्नास पॉलिश पेपरवर थोड्या घासा. पन्नासांवर कढत पाणी ओतून त्या रात्रभर भिजत ठेवा. तिन्ही गट ओल्या फडक्यात, एकाच ठिकाणी ठेवा आणि तीन आठवडे रोज उगवलेल्या बिया मोजा. आलेख काढा. कदाचित तुमची अपेक्षा चुकेल. चुकली तर अधिक चांगले, कारण मग मुले 'का?' असे विचारतील. वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गणित यांच्या तीन वह्या निदान एका प्रयोगापुरत्या एक होतील.

यात गुण कोणते मिळणार, असे काही पालक विचारतील. परीक्षेत बीजप्रसाराचे चार प्रकारच विचारले जातात, हे खरे आहे. पण ज्याने रुईची म्हातारी जिन्यातून सोडून घड्याळ लावले आहे, तो ते चार प्रकार विसरेल असे वाटते काय?

१९४१ ते १९४४ या काळात लेनिनग्राड शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. तिथल्या संस्थेत वाविलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरातून गोळा केलेले बियाणे होते : तांदूळ, गहू, शेंगदाणे, बटाटे. माणसे रस्त्यात भुकेने मरत होती. त्या संस्थेतील अनेक शास्त्रज्ञ, धान्याची पाकिटे हाताशी असताना, उपाशी मेले. बियाण्याला त्यांनी हात लावला नाही. स्वतः वाविलोव्ह १९४३ साली स्टालिनच्या तुरुंगात मरण पावला. आपल्याकडे एवढा त्याग कोणी मागत नाही. या पावसाळ्यात डोंगरावर बी टाकायला जाल, तेव्हा बरोबर एक वही न्या. कोणते बी, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला टाकले, ते लिहा आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच परत जा. शंभरांत एकही उगवलेले नसेल, तर तेही लिहा. त्या शून्यातून जे शिकायला मिळेल, ते पाठ केलेल्या चार प्रकारांत नाही.